उसनी पोरं

राजश्रीबाई डबीर चांगल्या शिक्षिका आहेत हे त्यांच्याशी न पटणारी माणसंही मान्य करतात, आणि त्यांच्याशी न पटणारी माणसं जबलपुरात काही कमी नाहीत. जीभ धारदार, आवाज खणखणीत, आणि कुणी सरकारी शाळेला नाव ठेवलं की दोन्ही एकदम सुरू. मराठी मंडळाच्या गणपतीत एखादी काकू सहज म्हणून जाते की तुमचं बरं आहे बाई, सरकारी शाळा, पगार चोख आणि काम बेताचं. मग आरती राहते बाजूला. नवरा श्रीकांत, तोफांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला शांत गृहस्थ, अशा वेळी प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहतो. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस एवढं शिकतोच.

त्यांची शाळा शहपुऱ्याच्या अलीकडच्या एका गावात. गावाचं नाव सांगून उपयोग नाही, त्या रस्त्यावर तशी पुष्कळ आहेत. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक व्हरांडा, एक हातपंप, खिचडीचं स्वयंपाकघर आणि दोन शिक्षक. एक स्वतः राजश्रीबाई, ज्या मुख्याध्यापिकाही होत्या, आणि दुसरा आलोक नावाचा तात्पुरता नेमलेला तरुण, ज्याला निम्मं वर्ष मतदारयाद्या नाहीतर कसली तरी पाहणी लागलेली असे. एका बाईने पाच वर्ग सांभाळायचे म्हणजे एका चुलीवर पाच भांडी चढवणं. एकात फोडणी घालावी तोवर दुसरं उतू जातं.

तरी त्या निभावून नेत होत्या. पोर दोन दिवस दिसलं नाही की दुपारच्या उन्हात त्याच्या घरी जाऊन उभ्या राहायच्या. पोरं त्यांच्या ओरडण्याला घाबरत नसत, कारण ओरडून झाल्यावर बाई केस विंचरून देतात हे त्यांना ठाऊक होतं.

मग गावात मुरलीधर पटेलने शाळा काढली. मुरलीधर राजश्रीबाईंचाच जुना विद्यार्थी, गणितात बरा, बोलण्यात फारच बरा. दुमजली हिरवी इमारत, इंग्रजी नाव, टाय, पट्टा आणि पिवळी व्हॅन. व्हॅन गावातल्या गावातच फिरायची, चालत पोहोचता येईल अशा घरांसमोर थांबायची, पण तिचा हॉर्न वाजला की आईबापांच्या जिवाला बरं वाटायचं. शिकवायला बारावी झालेल्या चार मुली. त्या फळ्यावर उत्तरं लिहायच्या आणि पोरं ती सुंदर अक्षरात उतरवून घ्यायची. दोन वर्षांत राजश्रीबाईंचे निम्मे बाक रिकामे झाले.

बाक रिकामे झाले, पण हजेरीपट नाही. यातली गोम अशी की पोरं मुरलीधरकडे गेली तरी त्यांची नावं सरकारी शाळेतच राहिली. आईबापांना गणवेशाचे पैसे, फुकटची पुस्तकं आणि पुढे सहावीत मिळणारी सायकल सोडवत नव्हती. राजश्रीबाईंना पट हवा होता, कारण पट घसरला की शाळेला कुलूप. मुरलीधरला फी मिळत होती, त्याचं काही अडत नव्हतं. तेव्हा सगळ्यांनीच कानाडोळा केला. गावात याला म्हणायचे, नाव इथे आणि पोर तिथे. राजश्रीबाईंना हे मनातून खुपायचं, पण खुपणाऱ्या गोष्टींची त्यांच्याकडे मोठी रांग होती आणि ही त्यात बरीच मागे उभी होती.

बेबी मात्र पूर्णपणे त्यांची होती, नावानेही आणि अंगानेही. बेबी हेच तिचं कागदावरचं नाव. तिची आई इंदिरा दरवर्षी हंगामात वीटभट्टीवर जायची, आणि बेबी तिथेच वाढली. शाळेत आली तेव्हा वयाने तिसरीची आणि अक्षरओळख शून्य. राजश्रीबाईंनी तिला सुटीनंतर थांबवून घ्यायला सुरुवात केली. अक्षराखाली बोट ठेवून वाचायची, बोट हललं नाही तर जीभही हलायची नाही. एकदा दिवाळीनंतर तिने खिचडीच्या तेलाच्या डब्यावरचं सगळं आपणहून वाचून दाखवलं, किंमत आणि वापरायची मुदत धरून. त्या संध्याकाळी राजश्रीबाई घरी आल्या त्या चप्पल न काढता स्वयंपाकघरात गेल्या आणि श्रीकांतला म्हणाल्या, "माझी बेबी वाचून राहिली." स्वतःची मुलगी ऋचा पहिल्यांदा चालली तेव्हासुद्धा त्या इतक्या हरखल्या नव्हत्या, असं श्रीकांतचं मत.

त्याच हिवाळ्यात परीक्षेचं निघालं. जिल्ह्यातल्या चौथीच्या मुलांची एक पडताळणी होणार होती. सरकारी आणि खाजगी, दोन्हीकडे सारखीच, पेपर बाहेरून येणार, पाहायला माणूस बाहेरून येणार, आणि मग दोन्हींची तुलना. बैठकीत सांगण्यात आलं ते असं की ज्या गावात दोन्ही शाळा आहेत तिथे सरकारी शाळा खाजगीच्या फारच मागे पडली, तर ती हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत विलीन होईल. सांगणाऱ्याने हे चहाचा कप हातात धरून, हवापाण्याच्या गप्पांसारखं सांगितलं.

हायवेपलीकडे म्हणजे काय, हे राजश्रीबाईंना त्या कपवाल्यापेक्षा जास्त कळत होतं. चौपदरी रस्ता, रेतीचे ट्रक, मध्ये कमरेएवढा दुभाजक. सहा वर्षांचं पोर तो कसा ओलांडणार? मुलगे कसेतरी जातील. मुलींना आया घरी बसवतील, धाकट्याला सांभाळायला नाहीतर भट्टीवर. व्हॅनची फी ज्यांना झेपत नाही अशीच पोरं आता उरली होती. त्यांच्यासाठी ही दोन खोल्यांची शाळा होती, नाहीतर काहीच नव्हतं.

चौथीत रोज येणारी पोरं सात. त्यातली चार बरी होती. बेबी आणि मजुरी करणाऱ्या एका घरातले दोघे भाऊ, हे तिघे कच्चे. आलोकने मागचे पेपर सोडवून घेतले आणि मान हलवली. मग दबकत म्हणाला की मॅडम, चौथीतली चार नावं आपली असून पोरं मुरलीधर भैयांकडे बसतात. ती त्या दिवशी आपल्याकडे बसली तर यात खोटं काय आहे? नावं तर आपलीच.

राजश्रीबाईंनी आधी त्याला झापलं. मग दोन दिवस त्यांना झोप नीट लागली नाही. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच हिरव्या इमारतीच्या पायऱ्या चढल्या.

मुरलीधर वाकून पाया पडला. त्याने चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं आणि अगदी प्रेमाने म्हणाला की त्याच्याकडची परीक्षा सोमवारी आहे आणि मॅडमची गुरुवारी, तेव्हा अडचण काहीच नाही. "चलो मॅडम, बच्चे तो आपके ही हैं, कागज़ पर," असं म्हणून तो हसला. राजश्रीबाईंना ते हसू आवडलं नाही, पण चहा त्यांनी संपवला.

घरी श्रीकांतने सगळं ऐकलं. कारखान्यात त्याचं आयुष्य तयार माल तपासण्यात गेलेलं.

"तपासणीवाल्यासमोर चांगला माल वर मांडून ठेवायचा, असं आमच्या इथे कोणी केलं असतं तर त्याची नोकरी गेली असती," तो म्हणाला.

"मी काय चोरी करून राहिले का? नावं माझ्याच रजिस्टरात आहेत."

"मग मला काहून सांगून राहिली तू?"

राजश्रीबाई ताट उचलून आत गेल्या.

राहिला गणवेशाचा प्रश्न. मुरलीधरच्या पोरांनी सरकारी गणवेशाचे पैसे घेतले होते, पण निळा कपडा कुणीच शिवला नव्हता. टाय लावून ती सरकारी बाकावर बसणार कशी? इकडूनतिकडून तिघांची सोय झाली. चौथी होती किराणा दुकानदाराची यशश्री, आणि तिच्या मापाचा गणवेश एकाच मुलीकडे होता. आलोकने नाव घेतलं तेव्हा राजश्रीबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. नको म्हणाल्या नाहीत.

कच्च्या तिघांना बुधवारी सांगण्यात आलं की उद्या तुम्हाला सुटी. दोघे भाऊ खुशीत पळाले. बेबी मात्र गुरुवारी सकाळी सगळ्यांच्या आधी हजर. तेल लावलेल्या घट्ट वेण्या, लाल रिबिनी, धुतलेला गणवेश, आणि कुणाकडून तरी मागून आणलेलं पेन. परीक्षा आहे हे तिला कळलं होतं. सुटी आपल्याला कशासाठी, हे कळलं नव्हतं, म्हणून तिने ते फारसं मनावर घेतलं नव्हतं. वर्गात जाऊन ती आपल्या नेहमीच्या जागेवर, पहिल्या बाकावर बसली.

राजश्रीबाई तिच्यापाशी गेल्या. तुझी परीक्षा नंतर आहे, असं म्हणाल्या, आणि तिला हाताला धरून उठवलं. आयुष्यात त्या पोरांशी पुष्कळ खोटं बोलल्या होत्या, सुई टोचणार नाही वगैरे, पण हे बोलताना त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. स्वयंपाकघरात खिचडी करणाऱ्या बाईने बेबीला कपाटातला जुना फ्रॉक घातला आणि तिचा गणवेश यशश्रीला. यशश्री नाक मुरडत होती, कापडाला धुराचा वास येतो म्हणून. बेबी तांदूळ निवडायला बसली. पेन तिने फ्रॉकला खिसा नव्हता म्हणून केसात खोचलं.

परीक्षा घ्यायला आलेली मुलगी स्वभावाने गरीब होती, तिने हजेरीपट बघून नावं जुळवली आणि पेपर वाटले. आणि मग असं झालं की उसनी पोरं वाचायच्या आधीच लिहायला लागली. त्यातला एक राजश्रीबाईंच्या कानाशी आनंदाने कुजबुजला की मॅडम, हा तर सोमवारचाच आहे, आमच्या मिसने नंतर सगळी उत्तरं पण सांगितली. राजश्रीबाईंनी त्याला गप्प बसायची खूण केली आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. पलीकडे बेबी हातातले तांदूळ तसेच ठेवून दारातून वर्गाकडे बघत होती. तिच्या जागेवर, तिच्या कपड्यात, दुसरी मुलगी बसली होती. राजश्रीबाई दोघींच्या मध्ये उभ्या होत्या आणि त्यांना कुणीकडेच बघवेना. आत्ताच्या आत्ता सगळं थांबवावं असं वाटत होतं. त्यांनी थांबवलं नाही.

निकाल आला तो वाजतगाजत. राजश्रीबाईंच्या शाळेने मुरलीधरच्या शाळेला चांगलंच मागे टाकलं होतं. टाकणारच. तीच पोरं सोमवारी तिकडे पहिल्यांदा पेपर बघत होती आणि गुरुवारी इकडे दुसऱ्यांदा. जिल्ह्याच्या कागदांवर मात्र ती दोन वेगळ्या रांगांत उभी होती, आणि सरकारी रांग उंच भरली होती. जबलपुरात ओमतीजवळच्या एका सभागृहात सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. एका साहेबांनी भाषणात म्हटलं की सरकारी शाळा काय करू शकते हे या भगिनींनी दाखवून दिलं. राजश्रीबाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. उभा जन्म जे ऐकायला त्या आसुसल्या होत्या, मंडळातल्या काकूंच्या तोंडावर जे फेकायचं होतं, ते आज माइकवरून म्हटलं जात होतं आणि ते खोटं होतं. त्या पोरांबद्दल काहीतरी बोलल्या आणि खाली बसल्या. थोड्या मागे पडलेल्या शाळांना एकेक जादा शिक्षक मिळाला. त्यांचा अर्ज बरीच वर्षं पडून होता, पण इतक्या हुशार शाळेला जादा शिक्षक कशाला?

तरी शाळा वाचली, असं त्या स्वतःला सांगत राहिल्या. रेतीचे ट्रक आपल्या वाटेने जात होते आणि पोरं अलीकडेच होती. बेबी येत होती, पण आता मागे बसायची. वाच म्हटलं की वाचायची. सुटीनंतर थांब म्हटलं की आईने लवकर बोलावलंय म्हणायची. परीक्षेबद्दल तिने कधी काही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर बरं झालं असतं असं राजश्रीबाईंना फार वाटे.

उन्हाळ्याच्या सुटीआधी इंदिरा शाळेत आली, बेबीला घेऊन. बाहेर चप्पल काढून ती जमिनीवर बसायला लागली, राजश्रीबाईंनी तिला खुर्चीवर बसवलं. इंदिरा म्हणाली की मोड़ीचा, म्हणजे मुलीचा, दाखला हवाय. मुरलीधर भैयांच्या शाळेत घालायची आहे. वस्तीतल्या आणखी तिघीचौघी घालणार आहेत, एकदम आलात तर फी कमी करतो म्हणाले. बाकीची ती आणि तिचा नवरा जास्तीचं काम धरून भरतील.

तिकडे फळ्यावरून उतरवण्यापलीकडे काही शिकवत नाहीत, असं राजश्रीबाईंनी सांगून पाहिलं. इंदिराने शांतपणे ऐकलं. तिच्या आवाजात राग नव्हता, ती बाजारात भाव समजून घेतल्यासारखं बोलत होती. परीक्षेच्या दिवशी मॅडमना पोरं आणायला तिथेच जावं लागलं, हे सगळ्या गावाला माहीत आहे, ती म्हणाली. म्हणजे शिकवणं तिथेच होत असणार. मॅडम शिकलेल्या आहेत, उगाच कशाला जातील?

"जायचं तर जाऊ दे," राजश्रीबाई हिंदीत कशाबशा म्हणाल्या, "पण नाव इथे राहू दे. सायकल मिळेल, गणवेश मिळेल. सगळेच ठेवतात."

"नहीं मॅडम, नाम भी काट दो," इंदिरा म्हणाली. "नाम रहेगा तो परीक्षा के दिन आप फिर बुलाओगी."

तेव्हा राजश्रीबाईंनी सगळं सांगून टाकलं. दार उघडं होतं, आलोक व्हरांड्यात होता, त्याने ऐकलं तरी त्यांना पर्वा नव्हती. त्या पोरांनी तो पेपर आधीच सोडवला होता, ती हुशार म्हणून नाही जिंकली. शाळा बंद पडेल, मुली घरी बसतील म्हणून मी घाबरले. खोटेपणा मी केला, यात बेबीची काही चूक नाही, बेबीला वाचता येतं. बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि पदर लावायचंही त्यांना सुचलं नाही.

इंदिरा म्हणाली, "वो सब ठीक है मॅडम. पर हमारी मोड़ी तो बैठी थी ना. उसको आपने उठा दिया."

राजश्रीबाईंनी दाखल्यांचं पुस्तक काढलं आणि लिहायला घेतलं. बेबीचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, इयत्ता. शाळा सोडण्याचं कारण या रकान्यात सगळे लिहितात तेच लिहिलं, पालक की इच्छा से. आपली सही केली, शिक्का मारला आणि अंगठ्यासाठी कागद इंदिरापुढे सरकवला.

इंदिराला वाचता येत नव्हतं. एरवी मॅडमनी पुढे केलेल्या कागदावर ती मुकाट अंगठा उठवायची. आज तिने कागद उचलून बेबीच्या हातात दिला आणि काय लिहिलंय ते आधी वाच म्हणाली.

बेबीने कागद टेबलावर ठेवला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागली. राजश्रीबाई समोर बसून ऐकत होत्या. शाळेचं नाव वाचलं, स्वतःचं वाचलं, तारीख वाचली. जोडाक्षरांपाशी बोट थांबायचं, मग पुढे सरकायचं. 'इच्छा'पाशी ते जरा जास्त थांबलं, तिने ओठातल्या ओठात जुळवून पाहिलं आणि बरोबर म्हटलं. अगदी खालच्या सहीपर्यंत तिने सगळा कागद वाचला आणि तिची एकही चूक झाली नाही. मग आईने अंगठा उठवला.